डावीकडे जुनी पत्रिका

लग्नाच्या पत्रिकेत बाकी सगळ्या चुका खपतात. मुहूर्ताची वेळ चुकली तरी बिघडत नाही, कारण आमच्या भागात वेळेवर लागलेलं लग्न मी तरी पाहिलेलं नाही. मामाचं नाव गळलं तर मामा रुसतो, मग मांडवात त्याला टोपी-दुपट्टा देऊन मनवतात. पण जिवंत माणसाच्या नावाआधी 'स्व.' छापून गेलं, तर त्यावर औषध नाही. आणि ते आमच्या हातून छापून गेलं.

आमच्या म्हणजे माझ्या आणि आमच्या ह्यांच्या. बाभुळगावात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि घराच्या पुढच्या खोलीत 'सुरभी टायपिंग'. सुरभी ही आमची एकुलती एक लेक, पुण्याला असते. मी साधना. पत्रिका, अर्ज, श्रद्धांजलीचे बॅनर, सगळं कॉम्प्युटरवर जुळवून देते. छपाई यवतमाळच्या प्रेसमध्ये होते. आमचे हे, विठ्ठलराव भोयर, एस.टी.त कंडक्टर होते. तालुक्यातल्या कोणत्या फाट्यावर कोण चढतं, कोणाची लेक कुठे दिली, कोणाच्या तेरवीला कोण आलं नाही, हे सारं ह्यांना तोंडपाठ. रिटायर झाल्यावर ह्यांनी माझ्या डाव्या हाताला खुर्ची टाकली आणि मी जुळवलेली प्रत्येक पत्रिका वाचायला घेतली.

लोकही सोकावले. नुसती नावं खरडून आणायचे आणि म्हणायचे, "साहेब, बाकी तुमाले माहीतच हाय." मग कोण 'श्री', कोण 'स्व.', कोणत्या काकाचं नाव कोणाच्या वर, हे सगळं हे सांगायचे. घर बौद्ध असलं तर 'स्व.' नाही, 'कालकथित' लिहायचं, हेही मला ह्यांनीच शिकवलं. आणि प्रत्येक पत्रिकेवर आम्ही भांडायचो. हे म्हणायचे, हे नाव खाली घे. मी म्हणायची, कायले? ह्यांनी सांगितलेलं मी निमूटपणे कधी केलं असेल तर शप्पथ. गिऱ्हाईक बाकावर बसून मजा बघायचं. पण भांडून भांडून पत्रिका अशी चोख निघायची की प्रेसवाला म्हणायचा, भोयरांकडची फाइल मी वाचतसुद्धा नाही.

तिथेच घोटाळा झाला. सावरच्या गोविंदरावांच्या नातीची पत्रिका होती. मी विचारलं, "गोविंदरावले काय लावू?" हे म्हणाले, "स्व. लाव. मागच्या साली गेले ना ते. मी गेलतो मातीले." मातीला गेलो होतो म्हटल्यावर मी काय भांडणार? लावलं. गेले होते ते गोविंदरावांचे धाकटे भाऊ. पत्रिका छापली, वाटली, पार मारेगाव-उमरखेडपर्यंत पोचली. गोविंदरावांच्या मारेगावच्या साळ्याने ती वाचली आणि बायकोला घेऊन पहिल्या गाडीने निघाला. सावरला दारात पाय ठेवताच त्या बाईने गळा काढला, तर आतून गोविंदराव विचारत आले, "कोण गेलं वं?"

गोविंदराव मग आमच्याकडे आले. भांडायला नाही, पेढे घेऊन. मरणाची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. "विठ्ठलराव, तुमी तं माही उमर वाढवली ना बाप्पा!" म्हणून ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. हे हसले नाहीत, पेढा हातात धरून नुसते बसून राहिले. गोविंदराव गेल्यावर म्हणाले, "साधना, मी त्यायच्या भावाच्या मातीले गेलतो. आता आठवून राह्यलं. तवा काहून नाही आठवलं?"

मी म्हटलं, होते चूक, माणूस आहे. दुसऱ्या दिवशी ह्यांनी आपली खुर्ची उचलली आणि मागच्या अंगणात नेऊन ठेवली. मी माझ्या स्वभावाप्रमाणे तोंड सोडलं. दुकान मी एकटीने चालवायचं का, लोकांना काय सांगू, सगळं बोलून घेतलं. हे सूप घेऊन तूर निवडत बसले. "तू पाह्य आता," एवढंच म्हणाले. "मी कोणाले बी मारून टाकीन." ह्यांचं भांडण बंद झालं, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

सुरभीच्या आग्रहाने यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर भले, पण बोलायला रोखठोक. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्यांनी थांबणार नाही, सावकाश होईल. कामात ठेवा, बोलतं ठेवा. एकदा का कोपरा धरून बसले की मग भराभर उतरतील. हे सगळं ह्यांच्यासमोर. परतताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले आणि मी डॉक्टरवर, देवावर, पेढे आणणाऱ्या गोविंदरावांवर, सगळ्यांवर मनातल्या मनात चिडत बसले. मला एवढंच कळत होतं की ती खुर्ची माझ्या डाव्या हाताला परत आली पाहिजे. खुर्ची अंगणात राहिली तर हळूहळू माणूसही अंगणातच राहील.

बोलावून पाहिलं, रागावून पाहिलं. छापलेला नमुना अंगणात नेऊन हातात दिला. हे वाचायचे आणि परत द्यायचे, "मले नाही सांगता येत." एकदा मी एका मामाचं नाव मुद्दाम चुकीच्या जागी टाकून नेलं, ह्यांना राहवणार नाही म्हणून. ह्यांच्या ध्यानात आलं, पण ध्यानात आलेलं खरं आहे की नाही याचाच ह्यांना भरवसा उरला नव्हता. बोट त्या नावावर ठेवलं आणि उचलून घेतलं.

अशात एका रविवारी सुरभीचा व्हिडिओ कॉल आला. ऑफिसचं काम घरून करत होती. तिच्या मागे टेबलावर दोन मॉनिटर दिसले.

"दोन कायले वं?" मी विचारलं.

"एकावर जुनी फाइल, एकावर नवी," ती म्हणाली. "बाजूबाजूले ठेवायच्या अन् फरक पाहायचा. डोक्यात काही ठेवाच नाही लागत आई."

तिने सहज सांगितलं, आणि मी फोन ठेवून तशीच बसून राहिले. आमच्या कॉम्प्युटरमध्ये कितीक वर्षांच्या पत्रिका पडल्या आहेत. एका घरातल्या थोरल्याचं लग्न झालं की काही वर्षांनी धाकट्याचं निघतं. आजे तेच, काके तेच, मामेही तेच. जुनी पत्रिका डावीकडे ठेवली आणि नवी उजवीकडे, तर आठवायचं काम उरत नाही, नुसतं जुळवायचं. जिथे फरक दिसेल तिथे घरच्यांना फोन लावून विचारायचं, मधल्या काळात कोण गेलं, कोण आहे. माणूस विसरला तरी जुनी पत्रिका विसरत नाही.

सुरभी म्हणाली, लॅपटॉप पाठवते, तो जुना डबा फेक आता. तिला काय जातं सांगायला. माझा टायपिंगचा प्रोग्राम फक्त ह्याच डब्यावर चालतो, मागे त्याची लॉकची चिमटी खोचलेली आहे, तिच्याशिवाय तो उघडत नाही आणि ती नव्या लॅपटॉपला बसत नाही. जुन्या पत्रिका दुसरीकडे उघडल्या की अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात. डबा सुरू व्हायला इतका वेळ घेतो की बटण दाबून मी भाजी फोडणीला टाकून येते. पण म्हातारा झाला तरी डोकं शाबूत आहे त्याचं. मी ठरवलं, ह्याच डब्याला दुसरा मॉनिटर लावायचा.

माझा भाचा रवी यवतमाळला नेट कॅफे चालवायचा. ते बंद पडून त्याचे मॉनिटर माळ्यावर धूळ खात होते. मी जाऊन त्यातला एक चौकोनी निवडला, चादरीत गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर पोरगेला होता. म्हणाला, "बाई, तुमचं अर्धं तिकीट. पण हे मांडीवरचं पुरुष माणूस दिसते, याचं पूर्ण लागन." मग नाव-गाव निघालं. "भोयर साहेबाच्या घरच्या का तुमी? त्यायनंच शिकवलं आमच्या डेपोच्या पोरायले. कसे हायत साहेब?"

"मजेत हायत," मी म्हटलं. "काम लय हाय त्यायले."

घरी आल्यावर हे म्हणाले, "हे काय आणलं?" मी म्हटलं, "दुसरा मॉनिटर." कायले म्हणून विचारलं नाही. पूर्वी विचारल्याशिवाय राहिले नसते.

दुपारी सुरभीला फोनवर घेऊन मी जोडणीला बसले. डब्याची मागची बाजू मी जन्मात पाहिली नव्हती. धूळ काय, कोळ्याचं घर काय, वायरींचा तर नुसता गुंता. "आई, फोन जवळ ने," सुरभी सांगत होती. "अजून. आई, ते तुहं बोट हाय."

वरच्या बाजूला एक निळं सॉकेट दिसलं, प्लास्टिकची टोपी घातलेलं. मी टोपी उपटली, केबल खोचली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. पाहुण्या मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी पाटी इकडून तिकडे हिंडायला लागली.

"ते बंद असते आई. खाली वेगळं कार्ड बसवलं हाय, तवापासून वरचं बंद. म्हणूनच तं टोपी हाय त्याले."

"मंग आधी नाही सांगा लागत का?"

"तू विचारायच्या आधीच खोचलं."

खालच्या कार्डावर आमचा जुना मॉनिटर लावलेला होता आणि त्याच्या शेजारी एक पांढरं, रुंद सॉकेट रिकामं होतं. केबलचं तोंड त्यात काही केल्या बसेना. सुरभी म्हणाली, मध्ये एक छोटासा जोड लागतो, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने निळा. तसलं काहीतरी रवीने पुडीत बांधून दिलं होतं आणि मी ते कचरा समजून शिलाईच्या डब्यात टाकलं होतं. बटणं आणि रिळं उपसून तो जोड काढला. तो बसला. मग सुरभीने सांगितलं तिथे तिथे माउसने टिचक्या मारल्या आणि पाहुणा एकदम उजळला. एकच अंगण दोन घरांपुढे असावं तसा आमच्या कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही मॉनिटरवर पसरला.

पाहुणा मी डावीकडे ठेवला होता, ह्यांच्या जागेसमोर. माउसचा बाण डावीकडे न्यायला गेले तर तो कडेला जाऊन अडला. पुन्हा ढकलला, पुन्हा अडला. चिडून उजवीकडे नेला, तर तो गायबच झाला.

"माहा बाण कुठी गेला?" मी ओरडले.

मागच्या दारातून आवाज आला, "काय हरपलं वं?"

"बाण हरपला!"

हे हातातलं सूप तसंच घेऊन आत आले. दोन मॉनिटर बघून जरा थबकले, मग वाकून दोन्ही पडदे न्याहाळले. "हा काय इकडं," म्हणून पाहुण्याच्या पार डाव्या कडेला बोट दाखवलं. मी माउस हलवला. बाण तिथून नाहीसा झाला आणि माझ्या पडद्यावर उजवीकडून आत आला.

"पुढच्या दारानं उतरते अन् मागच्या दारानं चढते," हे म्हणाले. "असे लय पाह्यले मी. तिकीट चुकवणारे असेच करते."

कितीक दिवसांनी हे मस्करीत बोलले. सुरभी फोनवरून समजावत होती की कॉम्प्युटरला वाटतं दुसरा मॉनिटर उजवीकडे आहे, सेटिंगमध्ये जाऊन एक आणि दोनचे चौकोन सरकवा. मी म्हटलं, एवढं कशाला? कॉम्प्युटरला उजवीकडे वाटतो ना, मग उजवीकडेच ठेवू. ह्यांनी एक उचलला, मी एक उचलला. दोघंही मॉनिटर पोटाशी धरून उभे, आणि ठेवायला मध्ये वायरीचा गुंता. "अवं, तू मांग सरक." "तुमी आधी खाली ठेवा." "मी कुठी ठेवू, तुह्या डोक्यावर?" सुरभी तिकडे हसून लोटपोट. शेवटी जुना मॉनिटर डावीकडे आला, पाहुणा उजवीकडे माझ्यासमोर, आणि बाण सरळ रस्त्याने जाऊ-येऊ लागला.

मग मी घारफळच्या एका घरची जुनी पत्रिका काढून डावीकडे लावली आणि त्यांचीच नवी उजवीकडे. ह्यांच्याकडे न बघता म्हटलं, "दोन्हीकडचं जुळते का पाहा फक्त. आठवू नका काही. जिथी फरक दिसन तिथी बोला. मी फोन लावून विचारतो त्यायले."

हे उभ्यानेच वाचत होते. वाकून वाकून पाठीला रग लागली असावी. मागे गेले, खुर्ची घेऊन आले आणि माझ्या डाव्या हाताला टाकून बसले. मी पडद्यावरची नजर हलवली नाही. हलवली असती तर मी रडले असते आणि हे उठून गेले असते.

त्या हंगामात आम्ही असंच काम केलं. एक बोट डावीकडे, एक बोट उजवीकडे, आणि फरक दिसला की हे गाडीत थांबा पुकारायचे तसं पुकारायचे, "फरक!" मी फोन लावायची. कधी म्हातारी वारलेली असायची, कधी नुसतं नाव लिहायचं राहून गेलेलं. ह्यांचा आवाज मोठा झाला. नावं खाली-वर करण्यावरून आमची पुन्हा जुंपायला लागली आणि गिऱ्हाईक पुन्हा बाकावर बसून मजा बघू लागलं. अधूनमधून हे मला तेच दोनदा विचारायचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. पण खुर्ची जागेवर होती. मला तेवढं पुरत होतं.

मग पिंटूची पत्रिका आली. पिंटू माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. "मोठी आई, आपल्या घरचं लग्न हाय, झकास करजो," म्हणून नावांचा कागद टेबलावर ठेवला आणि पुढच्या कामाला गेला. घरची जुनी पत्रिका म्हणजे सुरभीच्या लग्नाची. ती मी डावीकडे लावली. उजवीकडे पिंटूची जुळवली. हे मान डोलवत वाचत होते. सुरभीच्या पत्रिकेतली नावं वाचताना ह्यांच्या तोंडावर हसू होतं, त्या लग्नात वरातीची बस ह्यांनी स्वतः घाटंजीहून आणली होती.

"साधना, थांब. फरक." ह्यांचं बोट डाव्या पडद्यावर होतं. "इकडं 'श्रीमती मैनाबाई' हाय. तिकडं तू 'स्व.' टाकलं."

मैनाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांची आई. सुरभीच्या लग्नात त्या होत्या, पुढे दोनेक वर्षांनी गेल्या. शेवटच्या आजारात ह्यांनी रजा काढून त्यांना आपल्या हाताने पेज पाजली होती. अग्नी ह्यांनीच दिला होता.



"दुसरा गोविंदराव करून राह्यली का?" हे हसून म्हणाले. "काढ ते. मायले समजलं तं काठी घेऊन येईन."

मी काय करायला पाहिजे होतं? खरं सांगितलं असतं तर ह्यांच्यासाठी आई आज, आत्ता, हे ह्या खुर्चीत बसलेले असताना गेली असती. आणि आई गेलेली आपण विसरलो, हेही त्याच क्षणी कळलं असतं. त्यानंतर ही खुर्ची इथे राहिली नसती, हे मला पत्रिकेतल्या अक्षरांइतकं स्वच्छ दिसत होतं. फरक दिसला की बोला, असं मीच शिकवलं होतं. हे तसंच वागले होते.

मी 'स्व.' काढलं. त्या जागी 'श्रीमती' टाकलं.

हे दोन्ही पडद्यांकडे बघत राहिले. माझ्याकडेही एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मायसाठी नवं लुगडं घ्या लागन लग्नात. बारीक काठाचं. मोठ्या काठाचं ते नेसत नाही."

"घेऊ," मी म्हटलं, आणि चहा ठेवते म्हणून आत गेले.

गॅससमोर उभी राहून मी पदर तोंडात धरून रडले. सासूबाई जिवंत होत्या तेव्हा आमचं एक दिवस पटलं नाही, आणि आज मी त्यांच्यासाठी रडत होते की ह्यांच्यासाठी, हे मलाच सांगता येईना. मनाशी ठरवलं, हे दुपारचे पडले की 'स्व.' परत टाकायचं आणि फाइल प्रेसला पाठवून द्यायची. ह्यांना कळणार नाही. चहा उतू गेला. ओटा पुसला, डोळे पुसले, कप भरून बाहेर आले.

हे माझ्या खुर्चीत बसले होते. कीबोर्डला ह्यांनी आजवर हात लावला नव्हता, ह्यांना अक्षरं कुठे आहेत तेही माहीत नव्हतं. आता एका बोटाने काहीतरी शोधत होते. उजव्या पडद्यावर मैनाबाईंच्या नावाआधी 'स्व.' आलेलं होतं. पुढचं 'श्रीमती' तसंच होतं. 'स्व. श्रीमती मैनाबाई.'



"तुमाले आठवलं," मी म्हटलं.

"तू ते काढलं तवाच मले कसंतरी वाटलं," हे पडद्याकडे बघत म्हणाले. "माह्या सांगण्यावरून बिना भांडता तू आजवर एक कानामात्रा तरी बदलला का? मंग मी लुगड्याचं बोललो, अन् तू 'घेऊ' म्हणली. मायच्या लुगड्याले तू जिंदगीत कधी सीधं हो म्हणलं नाही. तवा समजलं मले. माय गेली."

"मंग तवाच काहून नाही बोलले?"

"दोन्हीकडं श्रीमती दिसून राह्यलती ना माय," हे म्हणाले. "म्हणलं, राहू दे थोडा वेळ."

मी कप खाली ठेवले. माझं ह्यांच्यावर किती प्रेम आहे हे इतक्या वर्षांत मी तोंडाने म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हणता आलं नाही. नुसता ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साधना, असं नको करत जाऊ," हे म्हणाले. आवाज शांत होता, पण माझा हात ह्यांनी घट्ट धरला होता. "मी चुकलो तं भांडत जा. मोठ्यानं भांड. आता मले तेवढंच एक कामाचं हाय. तू बी चूप राह्यली, तं मी चुकलो हे मले कोण सांगन?"

रस्त्यावरून कोणीतरी मोटारसायकल थांबवून दारात डोकावलं, आम्हाला पाहिलं आणि तसंच परत गेलं.

मी नाक पुसलं. "अन् हे काय करून ठेवलं? 'श्रीमती' काहून नाही काढलं?"

"ते तू काढ. मले नाही काढू वाटलं."

"मी नाही काढत. राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? 'स्व. श्रीमती' असं कोणी लिहिते का पत्रिकेत?"

"मी लिहितो," मी म्हटलं.

"लोक हसतीन."

"हसू द्या. दुकान माहं हाय."

"दुकान तुहं हाय, पण माय माही हाय!" ह्यांचा आवाज पार कोपऱ्यावर गेला असेल. "अन् माह्या मायच्या नावात चूक नाही पायजे मले. सरक इकडं, मी सांगतो तसं कर."

चहा गार होईपर्यंत आम्ही भांडलो. बरोबर हेच होते. मी 'श्रीमती' काढलं.